वणव्यानंतर डोंगर हिरवा होतो, पण सावरतो का? धाराशिवच्या मुलांना हे चित्रांच्या पुस्तकातून कसं सांगायचं

जानेवारी 2025 मध्ये अमेरिकेतल्या लॉस एंजेलिस शहराच्या कडेच्या डोंगरांना आग लागली आणि हजारो घरं जळून गेली. ते व्हिडिओ जगभर फिरले. मराठवाड्यातल्या खेड्यांतल्या मोबाइलवरही ते आले आणि मोठ्यांच्या खांद्यावरून वाकून लहान मुलांनी ते पाहिले.

त्याच मुलांच्या गावामागचा डोंगरही उन्हाळ्यात पेटतो. रात्री अंगणातून लांबवर एक लाल रेघ सरकताना दिसते. 'वणवा लागलाय' एवढं म्हणून घर झोपी जातं. सकाळी डोंगर काळा असतो. जूनमध्ये दोन पाऊस झाले की तोच डोंगर हिरवा होतो आणि विषय संपतो.

मुलाच्या हाती यातून दोन धडे लागतात. मोबाइलवरची आग सांगते, आग म्हणजे सगळं संपलं. गावातली आग सांगते, आगीने काही बिघडत नाही. दोन्ही धडे अर्धवट आहेत. खरं काय घडतं ते सहा-सात वर्षांच्या मुलाला समजेल आणि त्याची झोपही उडणार नाही, असं सांगायचं तर चित्रांचं पुस्तक हे चांगलं साधन आहे. परदेशात अशी पुस्तकं आहेत. पण ती जशीच्या तशी उचलून धाराशिवच्या वर्गात चालतील का?

धाराशिवमध्ये जंगल आहे तरी किती?

फार थोडं. जिल्ह्याच्या एकूण क्षेत्रफळात वनाच्छादन एक टक्क्याहूनही कमी आहे. राज्यात सर्वात कमी जंगल असलेल्या जिल्ह्यांत धाराशिवचं नाव येतं. बालाघाटच्या रांगा, त्यांच्या उतारावरची झुडपं, माळरानं आणि गायरानं हेच इथलं रान.

त्यातला सर्वात ओळखीचा भाग म्हणजे येडशी रामलिंग घाट अभयारण्य. सोलापूर-धुळे महामार्गालगत, रामलिंगाच्या देवळाभोवतीचं साधारण 22 चौरस किलोमीटरचं हे जंगल. 1997 मध्ये त्याला अभयारण्याचा दर्जा मिळाला. श्रावणात इथे गर्दी होते. शाळांच्या सहलीही येतात. त्यामुळे जिल्ह्यातल्या बऱ्याच मुलांनी पाहिलेलं पहिलं जंगल हेच असतं.

डिसेंबर 2024 मध्ये या जंगलातल्या कॅमेऱ्यात एक वाघ दिसला. यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातून चारशे-पाचशे किलोमीटरचा प्रवास करून तो इथे आल्याचं वन विभागाने सांगितलं. ज्या जिल्ह्याने पिढ्यान्‌पिढ्या वाघ पाहिला नव्हता, तिथल्या शाळाशाळांत काही दिवस वाघाशिवाय दुसरा विषय नव्हता.

इतकं छोटं जंगल असलं की आगीचा हिशोबही बदलतो. हजारो चौरस किलोमीटरच्या जंगलात एक डोंगर जळाला तर जनावरं शेजारच्या डोंगरावर जातात. इथे शेजारच्या डोंगरापलीकडे शेतं आणि रस्ते आहेत.

आग लागते कशी?

अमेरिका किंवा ऑस्ट्रेलियातल्या काही मोठ्या आगी वीज पडून लागतात. धाराशिवमध्ये वळवाच्या पावसाआधी, फेब्रुवारी ते मे या काळात, रान पेटतं ते बहुतेक वेळा माणसाच्या हातून.

कारणं रोजच्या जगण्यातली आहेत. उन्हाळ्यात शेत तयार करताना बांध पेटवले जातात. धसकटं आणि काडीकचरा जाळला जातो. ऊस तुटून गेला की पाचट पेटवतात. वारा सुटला की ही आग बांध ओलांडून गायरानात आणि तिथून डोंगरावर जाते. जुनं गवत जाळलं की नवं लुसलुशीत येतं, म्हणूनही काही ठिकाणी माळ पेटवला जातो. कुणी विडी टाकतं, कुणी सहलीत चूल मांडून ती न विझवता निघून जातं.

वाळलेलं गवत पेटायला वेळ लागत नाही. त्यातून डोंगराचा चढ असेल तर आग अधिक वेगाने वर पळते. खालच्या ज्वाळा वरच्या गवताला आधीच तापवतात, त्यामुळे ते लगेच पेट घेतं. वणवा विझवणारी माणसं आगीच्या वरच्या बाजूला उभी राहत नाहीत ती यासाठीच.

अभयारण्यात आग लावणं किंवा पेटती ठेवून जाणं हा 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. राखीव जंगलासाठी 1927 च्या भारतीय वन कायद्यात तशीच तरतूद आहे. देहरादूनची भारतीय वन सर्वेक्षण ही संस्था उपग्रहाला दिसलेल्या आगीच्या सूचना वन विभागाला पाठवते. नाव नोंदवलं तर सामान्य माणसालाही या सूचना मोबाइलवर मिळतात. जमिनीवर मात्र वणव्याशी सामना करतात ते वनरक्षक, वनमजूर आणि गावातली माणसं. त्यांच्या हातात हिरव्या डहाळ्या किंवा पाठीवर पालापाचोळा उडवणारे ब्लोअर असतात.

मग जळतं काय आणि उरतं काय?

मुलांना हेच समजावून सांगणं सर्वात अवघड आहे, कारण खरं उत्तर सरळ नाही.

गवताची आग जमिनीवरून झपाट्याने पुढे जाते. तिची झळ जमिनीत फार खोल जात नाही. पवन्या, मारवेल अशा बहुवर्षायू गवतांचे ठोंब वरून जळतात, पण त्यांचे कोंब जमिनीलगत सुरक्षित राहतात. कुसळी गवताचं बी तर आणखी हुशार. सहलीत मुलांच्या पायजम्याला चिकटणारं ते कुसळ ओल लागली की पीळ सोडतं, सुकलं की पुन्हा पीळ घेतं आणि असं फिरत फिरत बी मातीत रुतवतं. पळस जळला तरी त्याच्या बुडातून फुटवे येतात. म्हणून पावसानंतर डोंगर हिरवा दिसतो, आणि ते खोटं नाही.

पण त्या हिरव्यात काय नाही ते लगेच दिसत नाही.

गेल्या पावसाळ्यात रुजलेली वीतभर उंचीची रोपं आगीत मरतात. मोठं झाड वाचतं, त्याची पुढची पिढी वाचत नाही. दर वर्षी आग लागत राहिली तर जंगलात म्हातारी झाडं आणि गवत एवढंच उरतं. माळटिटवी, धाविक, चंडोल हे पक्षी जमिनीवरच अंडी घालतात आणि त्यांच्या विणीचे दिवस उन्हाळ्यातच असतात. पक्षी उडून जातो, अंडी तिथेच राहतात. सरडे, कासवं, गोगलगायी यांना पळून जाणं जमत नाही. उतारावरचं गवत गेल्यावर पहिल्या जोराच्या पावसात राखेबरोबर वरची मातीही ओढ्याला जाते. ती तयार व्हायला जी वर्षं लागली, ती एका पावसाळ्यात भरून येत नाहीत.

म्हणजे एकाच डोंगरावर सावरण्याची घड्याळं वेगवेगळ्या गतीने चालतात. गवताला एक पावसाळा पुरतो. झुडपाला दोन-तीन वर्षं लागतात. झाडाला दहा-वीस लागतात. मातीला माणसाचं आयुष्यही पुरत नाही.

शेजारच्या बीड जिल्ह्यात पालवणच्या उजाड डोंगरावर अभिनेते सयाजी शिंदे यांच्या पुढाकाराने 'सह्याद्री देवराई' उभी राहिली. फेब्रुवारी 2020 मध्ये तिथे वृक्षसंमेलनही भरलं. माळावर झाड जगवायला किती उन्हाळे पाणी घालावं लागतं हे तिथे राबलेल्यांना विचारावं. त्या डोंगरालाही पुढे आगीची झळ बसली. गवत परत आलं, पण जळालेल्या रोपांसाठी खड्डा आणि पाणी यांपासून सगळं नव्याने करावं लागतं.

बाहेरची पुस्तकं काय सांगतात?

ऑस्ट्रेलियात आगीवरची चित्रपुस्तकं ही मुलांच्या वाचनातली नेहमीची गोष्ट आहे. लेखिका जॅकी फ्रेंच आणि चित्रकार ब्रूस व्हॉटली यांचं 'फायर' हे पुस्तक 2014 मध्ये आलं. त्याआधी क्वीन्सलँडच्या महापुरानंतर त्यांनी 'फ्लड' केलं होतं. 2019-20 च्या भीषण आगींनंतर जॅकी फ्रेंच यांनीच होरपळलेल्या रानात जगू पाहणाऱ्या वॉम्बॅट या प्राण्याची गोष्ट लिहिली. संकट, त्याला तोंड देणारी माणसं आणि नंतर पुन्हा उभं राहणारं जग, असा या पुस्तकांचा साधारण क्रम असतो.

तिथल्या मुलांना तो क्रम लागू पडतो, कारण तिथलं रान तसं आहे. निलगिरीच्या जातीतल्या अनेक झाडांच्या सालीखाली कोंब दडलेले असतात आणि आगीनंतर काळ्या खोडातून ते फुटतात. अमेरिकेत लॉजपोल पाइनची राळेने बंद झालेली शंकूफळं आगीच्या उष्णतेने उघडतात आणि बी बाहेर पडतं. तिथल्या पुस्तकात शेवटच्या पानावरचा हिरवा कोंब म्हणजे निसर्गाच्या एका जुन्या चक्राची खूण असते.

धाराशिवच्या पुस्तकात नुसता तेवढाच हिरवा कोंब काढला तर मूल काय शिकेल? आग लागू द्या, पुन्हा उगवतंच. म्हणजे जे गावात आधीच मानलं जातं, तेच.

उलट टोकाचीही एक गोष्ट आहे. अमेरिकेत 1944 पासून स्मोकी नावाचं टोपीवालं अस्वल मुलांना जंगलातल्या आगीपासून सावध करतंय. ही मोहीम प्रचंड गाजली. पण आग म्हणजे फक्त शत्रू, हा विचार तिथल्या धोरणातही होता. दशकानुदशकं प्रत्येक आग विझवली गेली, जंगलात वाळलेला पालापाचोळा साचत गेला आणि पुढच्या आगी जास्त भडकल्या. शेवटी 2001 मध्ये त्या मोहिमेचे शब्द बदलले. ठरवून लावलेली, ताब्यात असलेली आग आणि हाताबाहेर गेलेला वणवा यांत फरक करावा लागला.

तो फरक धाराशिवमध्येही आहे. वन विभाग जाळरेषा काढतो, म्हणजे उन्हाळ्याआधी ठरावीक पट्ट्यातलं गवत कापून किंवा जाळून मोकळं करतो, जेणेकरून पुढची आग तिथे थांबावी. आगीने आग अडवण्याचं हे काम मुलांना समजू शकतं. त्यांना चूल माहीत आहे आणि होळीही माहीत आहे.

चित्रांचंच पुस्तक का?

वणवा विझल्यानंतरच्या पाच वर्षांचा व्हिडिओ कुणी बनवत नाही. मोबाइलवर आग वीस सेकंदांची असते आणि तिच्यात ज्वाळाच दिसतात. पुस्तकाचं पान उलटायला मात्र हात लागतो, आणि एका पानावरून दुसऱ्यावर जाताना एक वर्ष गेलं असं सहज दाखवता येतं. मूल मागे जाऊन आधीचं पान पुन्हा पाहतं, दोन चित्रांतला फरक शोधतं. आगीचं पान नको वाटलं तर तेवढं पान वगळूही शकतं. भीतीवर असा ताबा त्याला मोबाइलच्या पडद्यावर मिळत नाही.

मराठीत हे काम नवं नाही. पहिलीच्या वर्गात चित्र पाहून बोलायला लावणं ही जुनी रीत आहे. 2014 मध्ये साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळालेल्या माधुरी पुरंदरे यांची पुस्तकं घर, शेजार, आजी-आजोबा यांच्या साध्या प्रसंगांतून मोठे विषय मुलांसमोर ठेवतात. त्यात उपदेश नसतो, मुलाला बघायला आणि बोलायला जागा असते. प्रथम बुक्सने 2015 मध्ये सुरू केलेल्या 'स्टोरीवीव्हर' या संकेतस्थळावर मराठीसह अनेक भाषांतली चित्रपुस्तकं मोफत आहेत. ती खुल्या परवान्याची असल्याने शिक्षक त्यांचा अनुवाद करू शकतात, स्थानिक बोलीत बदलू शकतात.

सावरणं म्हणजे काय, हे या जिल्ह्याला माहीत आहे

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी, किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात मिळून सुमारे दहा हजार माणसं गेली. सास्तूरसारखी गावं जमीनदोस्त झाली. जागतिक बँकेच्या मदतीने मोठा पुनर्वसन कार्यक्रम राबवला गेला, 52 गावं नव्या जागी वसवली गेली. सुमारे बाराशे मुलांना भारतीय जैन संघटनेने शिक्षणासाठी पुण्याला नेलं.

घरं काही वर्षांत उभी राहिली. त्याचे आकडे सरकारी अहवालात आहेत. पण गेलेली माणसं, तुटलेला शेजार, दगडमातीच्या भिंतीखाली झोपण्याची भीती यांना वेगळा वेळ लागला. त्या वेळची मुलं आज चाळिशीच्या आसपास आहेत आणि त्यांचीच मुलं आता शाळेत आहेत. नवं घर मिळालं म्हणजे माणूस सावरला असं नसतं, हे ज्या जिल्ह्यात घरोघरी माहीत आहे, तिथे हिरवं गवत आलं म्हणजे डोंगर सावरला असं नसतं हे समजायला जड जाऊ नये.

भूकंप आणि वणवा यांत एक मोठा फरक मात्र आहे. भूकंप कुणी आणला नव्हता आणि तो कुणाला थांबवताही आला नसता. वणवा माणसाच्या हातून सुरू होतो, म्हणून माणसाच्या हाताने थांबवताही येतो. मुलांच्या पुस्तकात ही सर्वात आशेची गोष्ट आहे. आणि सर्वात जपून सांगायची गोष्टही हीच आहे.

जपून का?

कारण गोष्टीत आग लावणारा कुणीतरी लागतो. चित्रकार काठी घेतलेला गुराखी किंवा मेंढपाळ काढतो आणि काम सोपं होतं. पण त्याच वर्गात एखाद्या मुलाचा बाप मेंढ्या चारतो, एखाद्या मुलीच्या आजोबांनी परवाच बांध पेटवलेला असतो. पुस्तक मिटल्यावर वर्ग त्यांच्याकडे वळून बघणार असेल, तर त्या मुलांनी वणव्याबद्दल काय शिकावं?

शिवाय पुस्तकाला खरं बोलायचं असेल तर बांध का पेटवतात हेही दाखवावं लागेल. मजुरी परवडत नाही, पेरणी तोंडावर आलेली असते, काडीकचरा काढायला माणूस मिळत नाही. मेंढपाळाला उन्हाळ्यात हिरवा चारा कुठे मिळत नाही. हे समजलं की मूल घरी जाऊन बापाला दोष देत नाही. 'वारा पडल्यावर पेटवा', 'कडेचं गवत आधी कापा', 'पाचट कुजवता येतं का' असं काहीतरी विचारतं. वणवा म्हणजे काय हे माहीत असलेली आजी तेव्हा त्या गप्पांत उतरते.

असं पुस्तक कसं असेल?

एकच डोंगर, पानोपानी तोच. पहिल्या पानावर माघातलं पिवळं गवत, पळसाला फुलं, दगडांत बसलेली टिटवी. मग खाली बांधावरचा धूर. रात्रीची लाल रेघ एका पानापुरती, त्याहून जास्त नको. डहाळ्या घेऊन निघालेली गावची माणसं. सकाळचा काळा उतार.

यानंतर बहुतेक पुस्तकं संपवण्याच्या घाईत असतात. धाराशिवच्या पुस्तकाचा अर्धा भाग इथून पुढे हवा. पळसाच्या बुडाचा पहिला फुटवा. पहिल्या पावसात ओढ्याला आलेलं काळं पाणी. आषाढात हिरवा झालेला डोंगर आणि त्याच पानावर मुलांनी शोधायची गोष्ट: या हिरव्यात कोण नाही? पुढच्या उन्हाळ्याआधी गावाने कापलेला गवताचा पट्टा. तिसऱ्या वर्षी परतलेली टिटवी. सहाव्या वर्षी कमरेइतकं झालेलं सीताफळ. आणि पहिल्या पानावर सहा वर्षांची असलेली मुलगी शेवटच्या पानावर बारा वर्षांची.

अशा पुस्तकाला मोठ्या प्रकाशनाची वाट पाहण्याची गरज नाही. एखाद्या जिल्हा परिषद शाळेने गावामागच्या डोंगराचा फोटो दर महिन्याला त्याच दगडावर उभं राहून काढला, मुलांनी त्यावरून चित्रं काढली, घरातल्या म्हाताऱ्यांना 'तुमच्या लहानपणी इथे काय होतं' असं विचारून दोन-दोन ओळी लिहिल्या, तरी वर्षभरात बारा पानं तयार होतात.

त्या पुस्तकाच्या मागच्या पानावर मुलांसाठी तीन गोष्टी हव्यात. आग दिसली तर जवळ जायचं नाही, आणि चढाच्या दिशेने तर मुळीच पळायचं नाही. ताबडतोब मोठ्या माणसाला सांगायचं. मोठ्यांनी वन विभागाच्या 1926 या क्रमांकावर किंवा जिवाला धोका असेल तर 112 वर फोन करायचा.

पुढच्या उन्हाळ्यात एखाद्या रात्री अंगणातून पुन्हा लाल रेघ दिसली, तर हे पुस्तक वाचलेलं मूल घाबरून रडणार नाही आणि झोपायलाही जाणार नाही. ते घरातल्या कुणाला तरी हाताला धरून बाहेर आणेल आणि फोन करायला सांगेल.